बैलाचे दात, आईचे दात

(मुळशी तालुक्यात भरलेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण. छापताना थोडे आवरते घेतले आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'आरोग्य' हा शब्द वाचून मागच्या दोन रांगा चहाला उठल्या, ते मी पाहिले आहे. त्यांना बोलावू नका, चहा संपला की येतील. आपल्या बैठकांत कापसाचा भाव असतो, कर्ज असते, वीज असते. आरोग्य म्हटले की माणसाला वाटते, आता कोणीतरी पालेभाज्या खा म्हणून सांगणार. मी ते सांगणार नाही. मी दातांविषयी बोलणार आहे आणि दातांवरून काळजाकडे जाणार आहे. ही वाट ऐकायला विचित्र वाटेल. मलाही वाटली होती.

सुरुवात बैलांपासून करतो. अकरा वर्षांपूर्वी मी घरची बैलजोडी विकली. बाजारात गिऱ्हाईक आले. त्याने पाठीवरून हात फिरवला, खूर पाहिले, चालवून पाहिले आणि मग काय केले ते तुम्हाला सांगायला नको. खालचा ओठ ओढून दात मोजले. एक सहा दाती, दुसरा जुळलेला. दात पाहिल्याशिवाय कोणी बैलाचा सौदा करतो का? मी दावे धरून उभा होतो आणि मनात हिशेब करत होतो, की ह्या पैशात दवाखान्याचे किती दिवस निघतील. कारण घरी आई लकव्याने अंथरुणाला खिळली होती. उजवा हात, उजवा पाय गेला होता, जीभ जड झाली होती. आणि एकाएकी मला लाज वाटली. ह्या परक्या माणसाने दोन मिनिटांत माझ्या बैलाचे तोंड उघडून पाहिले. माझ्या आईच्या तोंडात मी उभ्या जन्मात डोकावून पाहिले नव्हते.

मी शेतीशास्त्राचा पदवीधर. आमचे गाव परभणीकडचे, काळ्या मातीचे. कापूस आणि रब्बी ज्वारी, दुसरे पीक नाही. आई ज्वारीच्या पेरणीत चाड्यावर मूठ धरायची. ज्यांनी तिफण धरली आहे त्यांना माहीत आहे, नुसते बी सोडणे म्हणजे मूठ धरणे नव्हे. बैल चालत असतात, चाल कमीजास्त होते, पण मुठीतून बी सारख्याच अंतराने पडले पाहिजे. आईची मूठ अशी होती, की उगवण झाल्यावर लोक तास बघायला बांधावर यायचे. त्याच बाईची नाडी डॉक्टरने हातात धरली, तेव्हा ती एक जवळ, दोन लांब, मग तीन एकदम, अशी पडत होती. डॉक्टर म्हणाले, हा झटका डोक्यातून आलेला नाही, काळजातून आलेला आहे.

हे समजून घ्यायला तुम्ही योग्य ठिकाणी आला आहात. कापूस-ज्वारीचे तुम्ही लोक, इथे भाताच्या खाचरांत आणि ह्या पावसात तुमचे काय काम, असे काल कोणीतरी मला विचारले. पण मुळशीला पाहण्यासारखी एक गोष्ट आहे. ह्या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. जमिनी गेल्याच. धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरात पडते आणि वीज मुंबईला जाते. आपले काळीजही विजेवरच चालते. उजवीकडच्या वरच्या कप्प्यात एक लहानसे वीजघर आहे. ते मिनिटाला साठ-सत्तर-ऐंशी वेळा हलका झटका सोडते. तो वरच्या दोन्ही कप्प्यांतून पसरतो, मग खाली उतरतो, आणि सारे स्नायू एका तालात आवळतात. वायरिंग शाबूत असेल तोवर ताल शाबूत.

आता समजा, डाव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत जागोजाग वण पडले. वणातून वीज नीट जात नाही, वळसा घेते, स्वतःभोवती फिरते. वीजघर आपले काम करत असते, पण कप्प्यात शंभर ठिकाणी ठिणग्या उडत असतात. कप्पा आवळायच्या ऐवजी नुसता थरथरतो. ह्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. आपण बेताल ठोका म्हणू. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून राहते आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटली आणि मेंदूकडे गेली की लकवा. बेताल ठोका असलेल्या माणसाला लकव्याचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. आईला त्याआधी दोन-तीन वर्षे मधूनच धडधड व्हायची, दम लागायचा. ज्या दवाखान्यात आम्ही जायचो तिथे गॅसची गोळी मिळायची. एक मिनिट नाडी मोजली असती तर कदाचित कळले असते. आता त्याचे काय.

आपल्याकडे लकवा म्हणजे म्हातारपणाचे दुखणे असे समजतात आणि विषय संपवतात. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणे घरोघर जाऊन शोधली. तो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सर्वात जास्त माणसे कशाने मेली? मलेरियाने नाही, सापाने नाही. लकव्याने. दर सात मृत्यूंत एक. हे गडचिरोलीचे, जिथे आपण समजतो की शहरी रोग पोचलेच नाहीत. ह्यातले सगळे लकवे बेताल ठोक्याचे नव्हेत, हे स्पष्ट सांगतो. रक्तदाब हा पहिला गुन्हेगार आहे. पण बेताल ठोकाही खेड्यात आहे. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या ५० गावांत चाळिशीच्या पुढच्या दोन हजारांवर लोकांची यंत्राने तपासणी झाली, तेव्हा हजारात सोळा जणांना तो सापडला. बहुतेकांना वाटत असते, आपल्याला काही झालेलेच नाही.

आता दात. आई मिसरी लावायची. मशेरी म्हणा, नाव काहीही द्या. सकाळी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, त्याचा वास घरभर, मग बोटाने हिरड्यांवर घासायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूने लावली. पहाटेच्या कामाला उठताना तेवढाच पाच मिनिटांचा विसावा. ह्या बायांना मी दोष देणार नाही. ज्या घरात बाईला चहाही सगळ्यांच्या मागून मिळतो, तिथे मिसरीची डबी ही तिची एकटीची मालमत्ता असते. हिरड्यांतून रक्त यायचे. ती म्हणायची, "हिरड्या हुळहुळतात रे, मिसरी लावली की बरं वाटतं." मग दात हलायला लागले. दोन दात तिने स्वतःच्या हाताने काढून उकिरड्यावर टाकले. तेव्हा मी तीस गावांतल्या शेतकऱ्यांना मातीचे नमुने कसे काढायचे ते शिकवत हिंडत होतो.

मिसरी ही काही एकट्या माझ्या आईची गोष्ट नाही, आणि तिचा हिशेब ह्याच पुणे जिल्ह्यात मांडला गेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधन विभागाने डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १,०१,७६१ माणसांची तोंडे तपासली. एक लाखावर तोंडे, बैलबाजारात पाहतात तशी एकेक उघडून! १९७२ साली तो अभ्यास छापून आला. ते शोधत होते तोंडाचा कर्करोग. पण त्यातून हेही निघाले, की शंभरातल्या ३९ बाया मिसरी लावतात आणि पुरुषांत शंभरात एकसुद्धा नाही. पुरुषांनी खूश होऊ नये, त्यांची तंबाखू खिशातल्या चंचीत होती. १९९२ साली दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने बंदी केली. २०१२ साली महाराष्ट्राने गुटखा बंद केला. तव्यावर भाजलेल्या मिसरीला कोण बंदी करणार? आणि विदर्भातल्या भावांनो, तुमच्या खर्ऱ्याविषयी मी वेगळे काही बोलत नाही, तुमच्यापैकी चौघांच्या गालात तो आत्ताही दिसतो आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात दर चार प्रौढांत एक जण खायची किंवा लावायची तंबाखू घेत होता.

हिरडीचा रोग कसा होतो ते तुम्हाला खडखड्यावरून लगेच कळेल. रब्बी ज्वारीचा खडखड्या. बुरशी जमिनीत असते, मुळातून बुडख्यात शिरते, आतला गाभा खाऊन टाकते. वरून ताट हिरवे, कणीस भरलेले. दाणे भरताना जमिनीला ओल कमी पडली, वाऱ्याची एक झुळूक आली, की सबंध तास आडवा. दाताचे असेच. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात कीट बसते. ते काढले नाही तर त्याचा टणक खडा होतो. त्याच्या आडोशाने जंतू हिरडीच्या खाली उतरतात. हिरडी सुजते, रक्त येते, दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो, आणि दाताला धरून ठेवणारे हाड आतल्या आत झिजते. त्यालाच आपण पायोरिया म्हणतो. दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. दात हलला की कळते, आणि तोपर्यंत बुडखा गेलेला असतो.

आता त्या हिरडीत उघडी जखम आहे. सगळ्या दातांभोवतीची एकत्र केली तर ती लहान नसते. तुम्ही भाकरी चावता तेव्हा त्या जखमेतून जंतू रक्तात जातात. निरोगी शरीर त्यांना निपटून काढते. पण वर्षानुवर्षे रोज तीन वेळा हेच चालले तर?

जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठातल्या डॉ. मियाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न धरून ठेवला. हिरडीच्या रोगातला मुख्य जंतू, पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस त्याचे नाव, त्यांनी उंदरांच्या दातात सोडला. बाराव्या आठवड्यात काही फरक नाही. अठराव्या आठवड्यात पाहिले, तर जंतू सोडलेल्या उंदरांपैकी ३० टक्क्यांच्या काळजाचा ठोका बेताल करता आला, न सोडलेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांचा. जंतू खुद्द डाव्या वरच्या कप्प्यात सापडला आणि कप्प्याच्या भिंतीत वण जास्त होते. मग त्यांनी बेताल ठोक्याच्या ६८ रुग्णांच्या, हृदयाच्या शस्त्रक्रियेत निघालेल्या त्याच कप्प्याच्या तुकड्यांत पाहिले. तिथेही तोच जंतू, आणि ज्याच्या हिरड्या जास्त खराब त्याच्या काळजात तो जास्त. हे २०२५ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी २०२४ साली त्यांनी दुसरे काम छापले होते. बेताल ठोक्यावर एक उपाय असा, की शिरेतून तार नेऊन दोषी जागा जाळतात. असा उपाय केलेल्या २८८ रुग्णांपैकी ९७ जणांनी पुढच्या तीन महिन्यांत हिरड्यांवरही इलाज करून घेतला. त्यांच्यात दुखणे उलटण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ६१ टक्क्यांनी कमी निघाले.

टाळ्या वाजवू नका. मी शेतीशास्त्र शिकलो ते एवढ्याचसाठी, की कोणी असा आकडा सांगितला की आधी विचारायचे, शेजारचा तुकडा कसा होता? त्या ९७ जणांची निवड चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. ज्यांनी इलाज घेतला ते मुळातच जास्त काळजी घेणारे असतील. कोरियात १,६१,२८६ लोकांवर साडेदहा वर्षे नजर ठेवली. दिवसातून तीनदा दात घासणाऱ्यांत बेताल ठोका १० टक्क्यांनी कमी दिसला. पण जो शेतकरी वेळेवर कोळपणी करतो त्याचे उत्पन्न जास्त येते, म्हणून ते सगळे कोळपणीनेच आले असे नाही. बहुधा त्याच्याकडे विहीरही असते. तीनदा दात घासणारा माणूस खातो काय, दारू पितो का, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतो का, हे सगळे त्यात मिसळलेले असते. तरीही उंदरांत वाट दिसली, माणसाच्या काळजाच्या तुकड्यात जंतू दिसला आणि लाखो लोकांत कल दिसला, असे तिन्ही पुरावे एका बाजूला झुकायला लागले की समजदार माणूस बियाणे बदलतो. विद्यापीठाच्या शिफारशीची वाट पाहत बसत नाही.

एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या तुम्ही गावातल्या सगळ्यांचे दात उपटून याल. १९१० साली विल्यम हंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने कॅनडात भाषण केले, की पुष्कळ रोगांचे मूळ घाणेरड्या तोंडात आहे. त्यात तथ्य होते. पण त्याच्या मागून अमेरिकेत दात उपटण्याची लाटच आली. संधिवात झाला, काढा दात. वेड लागले, काढा दात. हजारो माणसे बोळकी होऊन घरी गेली, रोग जिथल्या तिथे. कापसावर एक अळी दिसली म्हणून दहा फवारे मारण्याची जी आपली खोड, तीच ही.

म्हणून माझ्या आईबद्दलही मी छातीठोकपणे बोलणार नाही. तिला रक्तदाब होता, तो कोणी मोजला नव्हता. आणि आपल्या देशात आणखी एक मोठे कारण आहे. अनेक रुग्णालयांनी मिळून बेताल ठोक्याच्या दीड हजारांवर रुग्णांची नोंद केली, तेव्हा जवळपास निम्म्यांच्या हृदयाच्या झडपा लहानपणच्या सांधेतापाने खराब झालेल्या निघाल्या. त्यांचे सरासरी वय होते पंचावन्नच्या आसपास. हे हातपाय चालण्याचे, घर चालवण्याचे वय आहे. पोराचा घसा दुखतो, ताप येतो, मग सांधे सुजतात. तेव्हा मीठपाण्याच्या गुळण्यांवर भागवायचे नाही, डॉक्टर गाठायचा, हे त्या झडपांसाठी. वय, रक्तदाब, झडपा, थायरॉइड, दारू ही सगळी कारणे हिरडीच्या आधी येतात. मग मी हिरडीसाठी इथे का उभा आहे? कारण वय मागे नेता येत नाही, खराब झडप घरी दुरुस्त होत नाही, पण हिरडी होते. एका खर्ऱ्याच्या पैशात ब्रश येतो. आणि काळजाचे सगळे सोडले तरी दात राहतील, भाकरी चावता येईल, मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवायला हातभार लागेल. ह्या सौद्यात तोटा कुठे आहे ते मला दाखवा.

करायचे काय? सकाळी आणि रात्री झोपताना, मऊ ब्रशने, हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी चालेल, पण चावून तिचा मऊ कुंचा करा, खुपसू नका. राखुंडी, कोळसा, विटकर ह्यांनी दात झिजतो, कीट निघत नाही. रक्त येते म्हणून घासणे बंद करू नका, कीट आहे म्हणून रक्त येते. मिसरी एकदम सुटत नाही. ज्या बायांनी सोडली त्यांनी आधी रात्रीची सोडली, मग दुपारची, सकाळची शेवटी. घरच्या पुरुषाने आपली पुडी चालू ठेवून बायकोला उपदेश करू नये.

बसलेला खडा घरी निघत नाही, तो दंतवैद्यानेच काढला पाहिजे. काही ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दंतवैद्य असतात. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. 'खडा काढला की दात हलतात' असे लोक म्हणतात. दात आधीच सुटलेला असतो, खड्याने नुसता अडकवून ठेवलेला असतो. पडकी भिंत कडब्याच्या गंजीवर टेकली म्हणून ती पक्की झाली का? आणि दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ज्याची झडप बदललेली आहे त्याने दात काढण्याआधी ते दंतवैद्याला सांगायचे. ज्याला रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे त्यानेही सांगायचे, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ती गोळी बेताल ठोक्यातले तीनपैकी दोन लकवे टाळते. आईला ती झटक्यानंतर मिळाली. तीन वर्षे ती डाव्या हाताने जेवली.

आता सगळ्यांनी उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली ठेवा. अंगठा लावू नका, त्याची स्वतःची नाडी असते. सापडली? मी घड्याळ पाहतो, एक मिनिट कोणी बोलायचे नाही. आकड्यापेक्षा अंतराकडे लक्ष द्या. चाड्यातून बी पडते तशी सारख्या अंतराने पडते का ते पाहा. मधूनच एखादा ठोका चुकला तर घाबरू नका, तो बहुतेकांचा चुकतो. पण सबंध मिनिटभर मेळच लागत नसेल तर त्याने मला येऊन भेटायचे. ईसीजीची पट्टी काढल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, आणि हा ठोका कधी येतो, कधी जातो. तेव्हा गावी गेल्यावर घरातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येकाची नाडी महिन्यातून एकदा पाहा. आईची पाहा, सासूची पाहा. नाडी पाहताना म्हणा, आ कर.

मागच्या टेबलावर रक्तदाबाचे यंत्र ठेवले आहे आणि दोन कार्यकर्ते वही घेऊन बसले आहेत. ज्यांना दात तपासून घ्यायचे आहेत त्यांनी नाव, गाव आणि तालुका सांगायचा, म्हणजे जिल्हावार दिवस ठरवता येतील. आधी मायबहिणींची नावे घ्या, पुरुषांनी रांग सोडून उभे राहावे. चहाला गेलेले आत आले आहेत. त्यांची नाडी शेजारच्यांनी पाहावी.